खिंडीपलीकडची म्हातारी

"आणि त्या गावाचं नाव काय होतं?"

फकिरानं विचारलं, तसा यमाजी सुभेदार बोलता बोलता थांबला. इतका वेळ तो ताठ उभा राहून मोहिमेची हकिकत रंगवून सांगत होता. अफगाणांचे डोंगर, गुडघाभर बर्फ, खिंडीपलीकडचं गाव, साहेबाचा हुकूम, आणि पहिल्या छपराला त्यानं स्वतः लावलेला पलिता.

"नाव... कुणी सांगितलं नाही," तो म्हणाला.

नूरशा फकीर झाडाखाली घोंगडी अंथरून बसला होता. सातपुड्याच्या पायथ्याशी सकाळचं धुकं अजून झाडांत अडकलं होतं.

याच रानात यमाजीनं तरुणपणी सात घरांची वस्ती उभी केली होती. त्यानं आणि त्याच्या बायकोनं, भागूनं, सागाचे बुंधे उखडले, बांध घातले. डोंगरापलीकडे कुणाचंच राज्य नव्हतं. एका पहाटे लुटारू डोंगरावरून उतरले आणि वस्ती जाळून गेले. भागू जळत्या घरातच राहिली. राख निवायच्या आत यमाजी कंपनीच्या पलटणीत भरती झाला. छातीवर दोन बिल्ले आले, सुभेदारी आली.

आता पेन्शनवर आल्यावर त्यानं पुन्हा इथंच झोपडी बांधली होती. पण डोळा लागला की एकच स्वप्न पडे. बर्फातल्या जळक्या दारात एक म्हातारी उभी असे. ती भागू नव्हती. काहीतरी बोलत राही... तिची भाषा त्याला कळत नसे. नूरशानं ताईत बांधून हे स्वप्न बंद करावं, म्हणून तो आला होता.

"रागावते?" फकिरानं विचारलं.

"नाही." यमाजीचा आवाज खाली आला. "भागू जेवायला हाक मारायची ना... तशी बोलते."

 फकीर घोंगडीवर थोडा सरकला आणि शेजारची जागा त्यानं हातानं झाडून साफ केली.

यमाजी बसायला पुढे झाला. फकिरानं हात आडवा धरला.

"तुझ्यासाठी नाही."

धुकं दोघांच्या मधून हळूहळू सरकत गेलं... त्या मोकळ्या जागेकडे बघता बघता सुभेदाराचे गुडघे कधी जमिनीला टेकले, त्यालाच कळलं नाही.

"बाबा... ताईत?"

"एवढे डोंगर ओलांडून येते ती," नूरशा म्हणाला. "तिला बस म्हण."