बावीस प्रश्न आणि वाघचौरे सिस्टर

“पण मी तर सगळे प्रश्न विचारले होते, सिस्टर. मग चंदा निसटली कशी?”

वाघचौरे सिस्टर प्रेशर मोजायचा पट्टा गुंडाळत होत्या. पट्टा पेटीत ठेवून त्यांनी रजिस्टर उघडलं…

प्रश्नाला उत्तर न मिळणं डॉक्टर सौमित्र केसकरांना मुळीच मानवत नसे. सुवर्णपदक मिळवून ते या डोंगरातल्या सरकारी आरोग्य केंद्रात आले होते आणि हुशारी जरा जास्तच बरोबर घेऊन आले होते. पुढं कुठल्या गरोदर बाईचं प्रेशर चढणार हे तिसऱ्या महिन्यातच ओळखायचं, म्हणून त्यांनी बावीस प्रश्नांचा एक कागद तयार केला होता. कागद चोख होता. सिस्टरांनीसुद्धा त्याला नावं ठेवली नव्हती.

त्याच कागदावर त्यांनी चंदाच्या नावापुढे ‘धोका नाही’ असं लिहिलं होतं. सातव्या महिन्यात प्रेशर चढून तिला झटके आले. ती कशीबशी वाचली, बाळ गेलं. आदल्या बाळंतपणातही तिला झटके आले होते, हे मागाहून कळलं. तेव्हापासून डॉक्टरांना अन्न गोड लागत नव्हतं.

“तीस वर्षं तुम्ही हेच करताय. तुम्हाला कळतं, मग मला का कळत नाही?”

“बघू,” सिस्टर म्हणाल्या. “पेशंट आलाय.”

आलेल्या दोघी होत्या. दीपाली, तिसरा महिना, दुसरी खेप. आणि तिची सासू भामाबाई, सुनेची पिशवी आपल्या खांद्याला लावून.

डॉक्टरांनी लगेच कागद ओढला.

“आधीच्या वेळी प्रेशर वाढलं होतं?”

“नाही,” दीपाली म्हणाली.

“झटके? फिट आली होती?”

“न्हाई ओ, डाक्टर,” भामाबाईच बोलल्या. “पयलं बाळातपण म्हायेरी झालं तिचं. इहीणबाईंनी सांगितलंय, काय बी तरास झाला न्हाई म्हणून.”

“नाही,” दीपालीही म्हणाली.

बावीसच्या बावीस खुणा झाल्या. ‘यात माझं कुठं चुकलं ते दाखवा,’ अशा नजरेनं डॉक्टरांनी सिस्टरांकडे पाहिलं.

सिस्टर उठल्या. “सर, भामाबाईंचा गुडघा दुखतोय कधीचा. बाहेर ओसरीत बसून जरा बघता का?”

“आत्ता?”

“आत्ताच.”

“पण तुम्ही कसं विचारता, ते मला शिकायचंय!”

“तेच शिकवतेय,” असं म्हणून सिस्टरांनी त्या दोघांना बाहेर काढलं आणि आतून दार लावून घेतलं.

झालं! सुवर्णपदकवाले डॉक्टर ओसरीत गुडघा चाचपत बसले. आत काय चाललंय ते काही केल्या ऐकू येईना. भामाबाई मात्र खुशीत होत्या. सुनेला आपण भरली कळशी उचलू देत नाही, चार घास जास्तीचे खायला लावतो, सगळं त्यांनी सांगितलं. बाई मनानं निर्मळ होती. ही खोटं बोलणार नाही, याची डॉक्टरांना खात्रीच पटली.

पाव तासानं दार उघडलं. दीपाली बाहेर येऊन सासूजवळ बाकावर बसली. डॉक्टर आत गेले. सिस्टरांनी दार लोटलं आणि एक चिठ्ठी पुढं सरकवली.

प्रेशर एकशे दहा, सत्तर. खाली ॲस्पिरिनची बारीक गोळी, रोज एक.

“सही करा, सर.”

“अहो, प्रेशर तर उत्तम आहे!”

“आहे.”

“मग गोळी कशासाठी?”

“पहिल्या खेपेला झटके आले होते. दोनदा. फिटची पोरगी म्हणून सासरचे परत पाठवतील, या भीतीनं माहेरच्यांनी कुणाला कळू दिलं नाही… आपल्या रजिस्टरात लिहिलंय मी. घरी जाणाऱ्या कार्डावर नाही लिहिलं.”

डॉक्टरांनी ओसरीच्या दिशेनं बोट केलं.

“म्हणजे भामाबाई खोटं बोलल्या?”

“त्यांना ठाऊकच नाही.”

“मग तुम्ही दीपालीला विचारलंत तरी काय?”

“तुमचाच प्रश्न. तुमच्याच शब्दांत.”

डॉक्टरांनी आपला कागद उलटा केला, पुन्हा सुलटा केला. तीच बाई, तोच प्रश्न, पाव तासाचं अंतर आणि दोन उत्तरं. रागवावं की लाजावं, हेच त्यांना समजेना. चंदाही त्या दिवशी एकटी आलेली नव्हती. तिच्याबरोबर कोण होतं, ते मात्र काही केल्या आठवेना…

बाहेर भामाबाई सुनेला पाणी पी म्हणत होत्या.

पुढं प्रेशर चढू नये म्हणून द्यायची ही गोळी आता सुरू झाली तरच तिचा उपयोग. आणखी दोन महिन्यांनी दिली तर दिल्यासारखी नाही, हे डॉक्टरांना सिस्टरांपेक्षा जास्त माहीत होतं. त्यांनी सही केली. पेन मात्र हातातच राहिलं.

“पण सिस्टर… मीसुद्धा स्पष्टच विचारलं होतं ना? मग मला ती ‘नाही’ का म्हणाली?”

सिस्टरांनी चिठ्ठी उचलली. दारापर्यंत गेल्या, पलीकडून भामाबाईंचा आवाज आला तशा थांबल्या…

“तुम्हाला ती कुठं ‘नाही’ म्हणाली, सर?”