मातीत उभा राहिलेला काटा

सकाळचे पावणेसात वाजले होते. म्हणजे तुमची आई डब्याच्या पोळ्या लाटत असते आणि तुम्ही अजून पांघरूण डोक्यावर ओढून घेता ना, अगदी त्याच वेळी एका जंगलातल्या तळ्याकाठी एका साळिंदराने ओल्या मातीत काटा उभा केला. पुढचे सगळे तिथूनच सुरू झाले. मुलांनो, गोष्ट दुःखाची आहे, आधीच सांगते. पण ऐका, मध्येच उठून जाऊ नका.

त्या तळ्याच्या काठावर मऊ मातीचा एक लहानसा पट्टा होता. जंगलात फिरताना ज्याला जो धोका दिसेल, त्याची खूण त्याने येऊन त्या मातीत करायची, अशी तिथली रीत होती. पंजा उमटवला की वाघ. खळगा केला की शिकाऱ्याचा फास. लांब आडवी रेघ ओढली की पाण्यात मगर. पाण्यावर येणारा प्रत्येक जण आधी माती बघायचा आणि मगच खाली उतरायचा. लेकुरवाळ्या माद्या तर पुन्हा मागे वळून बघायच्या.

मागच्या उन्हाळ्यात एकदा अस्वल आणि रानडुक्कर एकाच वेळी मातीवर चढले. एकाच्या खुणेवर दुसऱ्याचा पाय पडला, नुसता चिखल झाला, आणि वाघ कुठल्या बाजूला आहे हे कुणालाच वाचता येईना. त्यात एक भेकर वाघाच्या तोंडी गेले. तेव्हापासून नियम झाला. मातीवर जाणाऱ्याने साळिंदराचा गळलेला काटा कडेला उभा करायचा, आपली खूण करायची, आणि उतरताना काटा काढून दगडावर ठेवायचा. काटा उभा आहे तोवर दुसऱ्या कुणी मातीवर पाय ठेवायचा नाही. नियम चांगलाच होता. त्यावर लक्ष ठेवायला एक टिटवी होती, आणि टिटवीचा आवाज कसा असतो ते तुम्हाला ठाऊकच आहे.

तर त्या सकाळी साळिंदर रात्रभर हिंडून आला होता. त्याने काटा उभा केला, वाघाचा पंजा उमटवला, आणि त्याला मोठी जांभई आली. वाघ कुठल्या वाटेने गेला ती खूण अजून करायची राहिली होती. तरी तो मातीवरून खाली उतरला.

"अहो साळिंदरदादा, काटा काढा की!" टिटवी ओरडली.

"राहू दे गं. अर्धं काम बाकी आहे. जरा बिळात पाठ टेकतो आणि येऊन पुरं करतो. काटा काढला तर मध्येच कुणी तरी चढून बसेल."

साळिंदर बिळात गेला, आणि झोपला. दिवसा झोपलेला साळिंदर ढोल वाजवला तरी उठत नाही. काटा मात्र उभाच राहिला.

ऊन चढल्यावर एक मुंगूस धापा टाकत आले. नदी आटत चालली होती, आणि नदीपासून तळ्यापर्यंतच्या वाळूत त्याने काहीतरी जड ओढत नेल्यासारखा माग पाहिला होता. त्या मागावरून चालत ते तळ्यापाशी पोचले, तेव्हा लव्हाळ्यांमध्ये एक खरबरीत शेपूट पाण्यात शिरताना त्याला दिसले. मगर तळ्यात आली होती. मुंगूस रेघ ओढायला मातीकडे धावले.

"थांब! काटा उभा आहे!" टिटवी किंचाळली.

"पण मातीवर तर कुणीच नाही!"

"कुणी नसलं म्हणून काय झालं? काटा आहे ना? साळिंदरदादाचं काम चालू आहे."

"कुठे आहेत ते?"

"मला काय विचारतोस? मी काय त्यांची बायको आहे?"

मुंगूस बाजूला बसले. बाजूची जमीन उन्हाने दगडासारखी झाली होती, तिच्यावर नख उमटेना. ते पुन्हा उठून आले.

"टिटवीताई, फार महत्त्वाचं आहे हो."

"सगळ्यांचंच महत्त्वाचं असतं. काल सरडासुद्धा हेच म्हणत होता. नियम तोडायचा तर मग अस्वलासारखा चिखल कर, आणि लोकांच्या जिवावर ऊठ!"

मुंगुसाला राग आला. इतक्या उन्हात धावत आलो आणि वर ही मलाच बोलते! घरी पिले भुकेली होती. "जाऊ दे. मी माझ्या परीने आलो होतो," असे पुटपुटत ते निघून गेले. काय पाहिले ते त्याने टिटवीला सांगितले नाही. टिटवीनेही विचारले नाही.

दुपार कलली तेव्हा एक हरणी तहानलेल्या पाडसाला घेऊन आली. पाडस इतके लहान होते की उभे राहताना त्याचे पाय लटपटायचे. हरणी मातीपाशी थांबली. तिने पंजाची खूण बघितली, पण वाघ कुठल्या वाटेने गेला ते तिथे नव्हते. मान वर करून ती बराच वेळ वारा हुंगत राहिली. वाघाचा वास कुठेच नव्हता. तेव्हा ती पुन्हा वळली आणि आडवी रेघ शोधू लागली. रेघ नव्हती.

तेवढ्यात पाडस कडेच्या मऊ मातीवर चढले. गार लागले म्हणून त्याने तिथे खूर दाबला.

"ए पोरा, उतर खाली! काटा दिसत नाही का?" टिटवी ओरडली. पाडस दचकून आईच्या पोटाखाली शिरले.

"लहान आहे हो ते. चुकलं," हरणी म्हणाली. "टिटवीताई, मला एक सांगा, आज आणखी कुणी आलं होतं का?"

"मुंगूस येऊन गेलं."

"काय म्हणत होतं?"

"मातीत त्याची खूण दिसते का? नाही ना? मातीत नाही म्हणजे काही नव्हतंच. किती काळजी करशील, बाई! लेकराच्या घशाला कोरड पडली आहे, आधी त्याला पाणी पाज."

हरणीचे पाऊल तरी पुढे पडेना. पण पाडस तिच्या पायाला डोके घासत होते. ती खाली उतरली. आधी स्वतः प्यायली, इकडेतिकडे पाहिले, आणि मगच तिने पाडसाला पुढे घेतले. पाडसाने पाण्यात तोंड घातले.

लव्हाळी हलली. मुलांनो, यापुढचे मी सांगत नाही. पाणी उसळले आणि परत सपाट झाले. काठावर हरणी एकटीच उभी होती.

तिचा हंबरडा ऐकून सगळे धावत आले. साळिंदरसुद्धा बिळातून बाहेर आला. त्याने उभा काटा पाहिला.

"मी येणारच होतो परत," तो म्हणाला. "जरा डोळा लागला, एवढंच."

"मी तर नियम पाळला!" टिटवी म्हणाली, पण आज तिचा आवाज बारीक झाला होता. "काटा उभा असताना मी कुणाला चढू दिलं नाही."

"मी आलो होतो ना!" मुंगूस रडत म्हणाले. "शेपूट पाहिलं होतं मी. रेघ ओढायलाच आलो होतो. हिला विचारा, मी किती वेळ बसलो होतो!"

हरणीने त्याच्याकडे पाहिले. "तू आलास, बाबा," ती म्हणाली. "तुझी बातमी आली नाही."

रानडुक्कर खाली मान घालून पुढे आले आणि मातीच्या पलीकडे सुळ्यांनी जमीन उकरू लागले. तळ्याचे पाणी तिकडे ओढून त्याने दुसरा, लहानसा ओला पट्टा तयार केला. "इथे खूण करत जा," ते म्हणाले. "मोठ्या मातीवर कुणी असलं तर परत जायचं नाही. इथे करायची, आणि ती मोकळी झाली की तिकडे नेऊन पुन्हा करायची."

"आणि मातीवर कुणीच नसेल, नुसता काटाच उभा असेल तर?" अस्वलाने विचारले.

"तर मोठ्याने हाक मारायची," हरणी म्हणाली. तिचे डोळे पाण्यावरून हलत नव्हते. "उत्तर आलं नाही, तर काटा उपटून फेकायचा आणि आपली खूण करायची. झोपलेल्याचा काटा जपू नका. आणि काहीच जमलं नाही, तर तोंड आहे ना? ओरडा. जो भेटेल त्याला सांगा. आणि उभा काटा दिसला, तर कुणीही आपलं लेकरू पाण्यावर उतरवू नका. काटा उभा म्हणजे कुणाचं तरी सांगायचं राहिलंय. हे मला उतरण्याआधी सुचायला हवं होतं."

साळिंदराने स्वतःच्या हाताने काटा काढला. मग तो दगडावर ठेवला.

मातीच्या कडेला, काट्याच्या अगदी शेजारी, एक इवलासा खूर उमटलेला होता. त्या दिवशी साळिंदरानंतर त्या मातीत झालेली खूण तेवढी एकच. दुसऱ्या दिवशी सगळे येऊन आपापल्या खुणा करू लागले, तेव्हा टिटवी त्या खुराशेजारी पंख पसरून बसली. तिने तिथे कुणाला पाय ठेवू दिला नाही. ओरडली मात्र नाही. जो येईल त्याला ती हळूच एवढेच विचारत होती, "बाबा रे, काय पाहिलंस? आधी मला सांग."

तात्पर्य : जागा अडवून ठेवणारा जेवढा चुकतो, तेवढाच जागा अडली म्हणून बातमी गिळून परत जाणारा आणि ती न विचारणाराही चुकतो. दार बंद दिसले तर थांबा, हाक मारा, दुसरीकडे लिहा, पण सांगितल्याशिवाय घरी जाऊ नका. मुलांनो, ही गोष्ट तुमच्यापाशीच ठेवू नका. आज शेजारच्या एका घरी तरी सांगा, आणि त्यांनाही पुढे सांगायला सांगा.