जलपर्णीचं 'येते हं!'

तळ्याकाठच्या वसाहतीतल्या घरांवर अजून पहिलाच रंग होता, तेव्हाची ही गोष्ट. तळ्यात जांभळ्या फुलांची एक जलपर्णी तरंगत आली. "दोनच दिवस राहते," म्हणाली. पाणकोंबडीला फुलं भारी आवडली. ती म्हणाली, "राहा की!"

महिन्याभरात अख्खं तळं पानांनी झाकलं. खाली मासे गुदमरायला लागले. बेडकाने उडी मारली की पाण्याऐवजी तो पानावरच आपटायचा.

शेवटी वसाहतीतल्या माणसांनी दोर लावून तिला बाहेर ओढलं आणि ट्रॉलीत भरलं. जाताना ती गोड हसून म्हणाली, "येते हं!"

"या हं!" पाणकोंबडी सवयीने बोलून गेली.

पंधरा दिवसांत जलपर्णी तळ्यात हजर!

सगळे पाणकोंबडीवर तुटून पडले. "कशाला म्हणालीस 'या'?"

"अरे, पण निघालेल्या पाहुणीला 'जा' कसं म्हणायचं?" ती रडकुंडीला आली.

"तिच्यावर काय ओरडता?" म्हातारं कासव खेकसलं. "तिकडे बघा, खरा आग्रह कोण करतंय ते!"

वसाहतीचा नाला तळ्यात पडत होता. घराघरांतलं साबणाचं, खरकट्याचं, संडासाचं पाणी भदाभदा ओतत होता.

कासव म्हणालं, "हा वाढायचा थांबत नाही, तोवर ती कशी वाढायची थांबेल?"

जलपर्णीने आपली मुळं हळूच नाल्याच्या तोंडाशी सरकवली आणि लाजत म्हणाली, "पुरे, पुरे! अगदी थोडंच वाढा हं."