गुणाजीचा पडताळा

कुठल्याशा गावात, नाव कशाला घ्या उगाच, गुणाजी नावाचा एक भोळा गडी राहायचा. सांगितलं ते ऐकायचा. नेमकं तेवढंच ऐकायचा, आणि तिथंच सगळा घोळ व्हायचा.

गुणाजीचं लग्न ठरल्यातच जमा होतं. मुलगी मामाचीच, यमुना. तिलाही गुणाजी पसंत होता. सांगितलेलं ऐकणारा नवरा कोणाला नको असतो? पण रावजीमामा होते गावच्या दूध डेअरीचे चेअरमन. ते म्हणाले, "डेअरीत दूध मापायला माणूस हवाय, पण दहावी पास हवा. तू गणितात तेवढा अडकलायस. यंदा सुटलास तर नोकरी तुझी अन् पोरगीही तुझी. नाही सुटलास तर पोरीला दुसरं स्थळ आलेलंच आहे."

गुणाजी घाबरला. सरळ कासार गुरुजींच्या ओसरीवर जाऊन बसला.

गुरुजी जुने आणि मोठे सोशिक. म्हणाले, "गुणाजी, सगळं गणित काही तुझ्याच्यानं व्हायचं नाही. तू एकच धडा पक्का कर. श्रेढीचा. सारख्या अंतरानं वाढत जाणारे आकडे, त्यांची बेरीज. तेवढ्यावर काठावर पास होशील."

"बरं, गुरुजी."

"एकेक आकडा मिळवत बसायचं नाही. पहिला घे, शेवटचा घे. मधले आपोआप येतात."

"मधले आपोआप येतात," गुणाजी म्हणाला, आणि घोकत घोकत घरी गेला.

घरी आईनं लेकाच्या परीक्षेसाठी सत्यनारायण घातला होता. म्हणाली, "गुण्या, जा, आळीला प्रसादाचं आवतण देऊन ये."

गुणाजी गेला. आळीतल्या पहिल्या घरी सांगितलं, शेवटच्या घरी सांगितलं आणि परत आला.

संध्याकाळी पातेलंभर शिरा आणि माणसं दोन. त्यातही पहिल्या घरच्यांचं आणि शेवटच्या घरच्यांचं गटारावरून भांडण. दोघं एकमेकांकडे पाठ करून शिरा खात बसले.

"बाकीचे कुठं गेले रे?" आईनं विचारलं.

"मधले आपोआप येतात, आये."

आईनं कपाळावर हात मारून घेतला. "मुडद्या, आवतण असं देतात होय? एकही दार सोडायचं नाही! प्रत्येकाला नावानं हाक मारायची, या म्हणायचं, मग पुढं सरकायचं!"

"असं होय! चुकलंच माझं," गुणाजी म्हणाला.

दुसऱ्या दिवशी गुरुजींनी एकपासून शंभरपर्यंतची बेरीज घातली. गुणाजीनं पाटी मांडीवर घेतली. "एकराव, या. दोनराव, या. तीनराव, या." एकही दार सोडलं नाही. गुरुजींचं जेवण झालं, वामकुक्षी झाली, दुपारचा चहा झाला. गुणाजी सत्तराव्या घराशी पोचला होता. तेवढ्यात कोणी तरी शिंकलं आणि बिचारा पार विसरला. पुन्हा एकरावांपासून सुरुवात.

"अरे, थांब!" गुरुजी ओरडले. "जोड्या लाव, जोड्या! सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोठा, ही एक जोडी. मग त्यांच्या आतले दोघं, ही दुसरी. म्हणजे सगळ्या जोड्या सारख्या भरतात."

"असं होय! चुकलंच माझं."

पुढच्या सकाळी मामांचा निरोप आला, नांगर धरायला ये. मामांच्या गोठ्यात दोन तयार बैल होते, ढवळ्या आणि पवळ्या. शिवाय दोन गोऱ्हे होते, अजून दुधाचा वास न गेलेले. मामा म्हणाले, "मी पाण्याचं बघून येतो. तू जोडी जुंप."

मामा परतले तर एका जुवाखाली धिप्पाड ढवळ्या आणि सगळ्यात धाकटा गोऱ्हा. दुसऱ्या जुवाखाली पवळ्या आणि थोरला गोऱ्हा. गोऱ्हे लोंबकळत होते, बैल त्यांना ओढत होते आणि दोन्ही नांगर शेताच्या मधोमध गरागरा फिरत होते.

"हे काय केलंस रे?"

"दोन्ही जोड्या सारख्या भरल्या, मामा. जमवून बघा."

मामांनी डोक्यावरचा पटका काढून आपटला. "गाढवा, मोठ्याला मोठा, लहान्याला लहान! बरोबरीचा बघून जोडी लावायची! पेपरात असले दिवे लावलेस तर पोरगी विसर!"

पोरगी विसर म्हटल्यावर गुणाजीचे डोळे भरून आले. धावत गुरुजींकडे गेला आणि पाटीवर नव्याण्णवला शंभर जोडला, एकाला दोन जोडला. बरोबरीचे.

गुरुजींनी पाटी बाजूला ठेवली. मग त्यांनी गुणाजीला जवळ बोलावलं. "हे बघ बाळा, आवतणाचं आवतणाला, बैलांचं बैलांना आणि गणिताचं फक्त गणिताला. एवढं कर माझ्यासाठी."

आणि काय सांगू, गुणाजीला उमजलं! परीक्षेपर्यंत त्यानं दुसरं काही ऐकलंच नाही. बेरजा धडाधड यायला लागल्या. गुरुजींना स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास बसेना.

पेपरच्या आदल्या दिवशी ते म्हणाले, "आता शेवटचं. वेळ उरला तर पडताळा घे. आलेल्या बेरजेतून एकेक आकडा वजा करत जा. शेवटी शून्य आलं तर बरोबर. दुसरं काही आलं तर चूक."

"शून्य आलं तर बरोबर. दुसरं काही आलं तर चूक," गुणाजीनं पाठ केलं.

परीक्षेच्या दिवशी फाटकाबाहेर गुरुजी उभे, आई उभी, आणि पेढ्यांचा पुडा घेऊन मामाही उभे. मामा रागीट, पण जीव होता भाच्यावर. घंटा झाली. गुणाजी हसत बाहेर आला. गुरुजींनी त्याच्या हातातली प्रश्नपत्रिका ओढून घेतली.

"पाच, दहा, पंधरा, असं शंभरपर्यंत. किती आले?"

"एक हजार पन्नास."

"बरोबर! दोन, चार, सहा, असं पन्नासपर्यंत?"

"सहाशे पन्नास."

"बरोबर!" अख्खा धडा गुरुजींनी विचारला, एकही चूक निघेना. आईनं लेकाची दृष्ट काढली. मामांनी पुडा सोडला, पेढा उचलला आणि गुणाजीच्या तोंडाशी नेला. "जावईबापू, आ करा!"

"आणि पडताळा?" गुरुजींनी कौतुकानं विचारलं.

"घेतला की. सगळ्या गणितांचा घेतला. दर वेळी शून्य आलं."

"शाब्बास रे माझ्या वाघा!"

"मग आधीची चुकीची उत्तरं पट्टी लावून सरळ काटली," गुणाजी म्हणाला, "आणि सगळीकडे ठसठशीत शून्य लिहिलं."

पेढा मामांच्या हातात तसाच राहिला. गुणाजीनं तिघांच्या तोंडाकडे पाहिलं. त्याला वाटलं, आनंदानं वाचा बसली असेल.

"माझं सोडा हो," तो हळहळून म्हणाला. "शेजारच्या बाकावरच्याचं वाईट वाटतं. हुशार दिसत होता, पण त्याचं एकही उत्तर शून्य आलं नव्हतं. जाता जाता मी त्याला चूक सांगितली, तेव्हा कुठं त्यानं घाईघाईनं सगळं दुरुस्त केलं."