वरचा सा

“आणि नेमका तिथंच मी तारेवरून गज उचलला, तर त्यात माझं काय चुकलं, मास्तर?”

वैजयंतीनं चहाला हात लावला नव्हता. व्हायोलिनची पेटी मांडीवर घेऊन बसली होती, उठून जायच्या तयारीत.

नरसूमास्तरांनी आधी आपला चहा संपवला. ऐंशी ओलांडल्यापासून ते उत्तरं द्यायची घाई करत नाहीत.

मिरजेत मास्तरांच्या माडीवर तंबोरा धरायला मी असतो. सतरा वर्षं त्यांच्याकडे व्हायोलिन शिकलो, आणि हाती आलं काय, तर तंबोरा. असो. माझं रडगाणं नको.

प्रकरण असं होतं. अंबूताई शिरगोपीकर, वय शहात्तर, रविवारी शेवटचं गाणार होत्या. यापुढं मैफल नाही, असं त्यांनीच जाहीर केलं होतं. आणि साथीला व्हायोलिन वैजयंतीचंच हवं, असा निरोप धाडला होता.

आता वैजयंती काही साथीदार राहिलेली नाही. तिचे एकटीचे कार्यक्रम होतात, परदेशातसुद्धा. पण वीस वर्षांपूर्वी ती याच बाईंच्या मागं बसायची. एकदा भर मैफलीत अंबूताईंनी गाता गाता हात मागं नेला आणि तिचा गज धरला. “मुली, गाणं माझं आहे,” म्हणाल्या. हॉल गच्च भरलेला. लोक हसले.

त्या दिवसापासून ती कुणाच्याही साथीला बसली नाही.

या वेळी मात्र तिनं होकार कळवला होता. का, ते ती सरळ सांगत होती. गाणाऱ्याचा श्वास जिथं संपतो, तिथं साथीचं व्हायोलिन तो सूर धरून ठेवतं. ऐकणाऱ्याला खाच कळत नाही. अंबूताईंचा दम आता पुरत नाही, वरच्या सावर गेल्या की आवाज तुटतो. वैजयंतीला वाईट वाजवायचं नव्हतंच. तेवढ्या एका जागी फक्त गज उचलायचा होता. बाई सगळ्यांसमोर उघड्या पडतील, आणि कुणी तिला बोल लावणार नाही.

खोटं कशाला बोलू, मलाही वाटलं, होऊन जाऊ दे एकदा.

“पेटी उघड,” मास्तर म्हणाले.

मग मला तंबोरा घ्यायला सांगितला. म्हणाले, मी गातो, ही साथ करेल.

आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. मास्तरांचा जन्म व्हायोलिनवर गेला. शिकवताना गाऊन दाखवायचे तेवढंच, आणि त्यालाही आता बरीच वर्षं झाली होती.

वैजयंती काय ते ओळखून होती. “मला समजावू नका, मास्तर.”

“समजावत नाही. उचलायचा सराव नको का करायला? मी तुटलो की उचल.”

तिचा चेहरा पडला. पण मास्तरांना नाही म्हणायची सवय आम्हांला कुणालाच नाही. तिनं डाव्या हाताच्या बोटांना खोबरेल लावलं, व्हायोलिनचं डोकं पावलावर टेकवलं आणि गज तारेवर ठेवला.

दुपारचे साडेतीन झाले असतील. मास्तरांनी भीमपलास धरला.

आवाज खरखरीत होता. मधेच खोकले, पुन्हा गायले. ती मागून हलके हलके येत होती, त्यांच्या एक पाऊल मागं, जसं त्यांनीच तिला लहानपणी शिकवलं होतं. मग मास्तर वर चढायला लागले. निषादावर थांबले. गळ्याच्या शिरा फुगल्या. मला बघवेना. मी तंबोऱ्याच्या तारांकडे बघत बसलो.

वरचा सा त्यांनी घेतला... आणि आवाज तुटला.

मी मान वर केली. मास्तरांचं तोंड उघडं होतं, पण त्यातून काहीच येत नव्हतं.

गज उचलायला वैजयंतीनं कोपर वर घेतलंही असेल, मला तसं वाटलं. पण गज तारेवरच राहिला.

सा भरून राहिला. माडीभर.

मास्तर तोंड तसंच उघडं ठेवून बसले होते. श्वास आल्यावर त्यांनी तो सूर जिथल्या तिथं परत घेतला, हळूहळू खाली उतरले आणि थांबले. वैजयंतीनं गज खाली ठेवला नव्हता. आपल्याच हाताकडे ती परक्याच्या हाताकडे बघावं तशी बघत होती.

“उचलला नाहीस,” मास्तर म्हणाले.

“...नाही.”

“का गं?”

डोळे पुसायलाही तिला हात मोकळा नव्हता.

तेवढ्यात मास्तरांची सून, सरोज, कप न्यायला वर आली. खाली स्वयंपाकघरात तिनं सगळं ऐकलं होतं. कप बाजूलाच राहिले. तिनं पदरानं डोळे टिपले आणि सासऱ्यांपुढं वाकून म्हणाली, “अण्णा, किती वर्षांनी लागला हो तुमचा वरचा सा.”

मास्तरांनी वैजयंतीकडे पाहिलं. तिची मान खाली गेली.

“काय वैजू...” ते म्हणाले, “सांगायचं का हिला, कुणी लावला ते?”