कोरड्या जमिनीतली खाण

उघड्या कोळसाखाणीला लागून असलेल्या धामणढोकच्या विहिरी आटल्या. दर सोमवारी टेप सोडून विहिरींची पातळी लिहिणाऱ्या वच्छलाबाई उरकुडे वही घेऊन ग्रामसभेत उभ्या राहिल्या. खाणीचे मॅनेजर सबनीस यांनी वहीकडे पाहिलंसुद्धा नाही. तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यांना ते म्हणाले, "इथल्या जमिनीत पाणीच उरलेलं नाही. त्याला खाण काय करणार?"

"मंग खाणीतले उपशाचे पंप आठ दिवस बंद ठेवा ना जी," वच्छलाबाई म्हणाल्या.

"अहो बाई, दोन दिवसांत अख्खी खाण बुडेल."

"कशानं, साहेब?"

सबनीसांनी समोरचा पाण्याचा ग्लास उचलला आणि तसाच खाली ठेवला. अधिकाऱ्यांनी वही मागून घेतली.