आवडीनं मोडलेली वई

दोष भिकाजी घाड्याचा होता. हे आधीच सांगून टाकतो, कारण आमच्या वाडीतले म्हातारे ही गोष्ट सांगायला बसले की त्याच्या नावाशी येऊन खाकरतात, पानाला चुना लावतात आणि पुढचं गाळतात. दुष्काळाचा दोष, म्हणतात. दुष्काळ होताच. पण दुष्काळानं कुणाच्या तोंडातला घास बोट घालून काढला नव्हता.

फार मागे, आजोबांच्या आजोबांनीही जे पाहिलं नाही त्या काळात, एका वर्षी पाऊस श्रावणातच थांबला आणि भात उभ्या उभ्या वाळलं. कणग्या रिकाम्या. माघ लागला तसा प्रत्येक घरानं नदीकाठी आपापला भाजीचा मळा धरला. भिकाजीच्या घरचा मळा त्याची सून आवडी करायची. नवरा गलबतावर गेलेला, तो परत आला नव्हता. घरात ती, तिची लहानगी मुलगी शेवंती आणि सासरा.

असं म्हणतात, की आवडीनं पेरलेलं बी दुसऱ्या सकाळी मातीबाहेर डोकं काढायचं. मला वाटतं, तिचा हात कधी रिकामा नसायचा म्हणून लोकांना तसं वाटत असेल. नदी आटलेली, म्हणून विहिरीचं पाणी ती कळशीनं आणी आणि एकेका आळ्यात ओंजळीनं घाली, थेंब वाया जाऊ नये म्हणून. किडीसाठी पानांवर चुलीतली राख टाकी. दुधीचा वेल जुन्या लुगड्याच्या चिंध्यांनी मांडवाला बांधी. गुरं शिरू नयेत म्हणून तिनं करवंदीच्या काट्यांची वई घातली होती. फाल्गुनात लाल माठ वीतभर झाला, काकड्या लोंबू लागल्या, वालाच्या शेंगा भरल्या.

आणि कुणी एक पान तोडलं नाही.

कारण वाडीचा नेम होता. मळ्यातलं पहिलं फळ देवीपुढे ठेवायचं, मगच भाजी घरोघरी चुलीवर चढवायची. नेम वाईट नव्हता. कोवळं कुणी ओरबाडू नये म्हणून कुणा शहाण्यानं घातला असेल. पण ते पहिलं फळ देवीपुढे ठेवण्याचा मान कुणाचा? घाड्यांचा, म्हणे भिकाजी. राऊळांचा, म्हणे गुणाजी राऊळ. दोघांनीही आयुष्यात कुदळीला हात लावलेला नाही. देवळाच्या पायरीवर बसायचे, बाकीचे म्हातारे दोघांच्या मागे वाटले गेलेले, आणि कुणाच्या पणज्यानं कधी नारळ फोडला यावर दिवस काढायचे. होळी गेली, पाडवा गेला. खाली मळ्यांत काकड्या पिवळ्या पडत होत्या आणि वर घरांत पोरं रानातले कडू कंद उकडून खात होती, जुलाबानं वाळत होती.

शेवंती तापानं फणफणली. आवडी सासऱ्यापुढे उभी राहिली.

"मामांनू, चेडवाक एक काकडी देव काय?"

"देवीक दाखवल्याबिगर?" भिकाजी म्हणाला. "घाड्याच्या घरातच नेम मोडलो तर गुणो काय म्हणतलो?"

"गुणोची तरी काकडी खंय देवळात पोचली?"

"तोंड आवर. मान मिळांदे, मगे टोपलीभर खा."

दुसऱ्या दिवशी तिनं विचारलं नाही. काकडी तोडली, किसली, पोरीच्या जिभेवर ठेवली. तेवढ्यात भिकाजी दारातून आत आला. त्यानं शेवंतीचा जबडा धरला, बोट घातलं आणि तो घास बाहेर काढला. मग हात धुऊन देवळात भांडायला गेला. हे खरं का, असं विचारलं तर म्हातारे म्हणतात, तेव्हाची माणसं श्रद्धाळू होती.

त्याच आठवड्यात शेवंती गेली.

आवडी रडली नाही, असं म्हणतात. पोरीला पुरून आली ती थेट मळ्यात गेली आणि ती काट्यांची वई तिनं नुसत्या हातांनी ओढून काढली. कोपरापर्यंत रक्त आलं. मग वाडीतल्या पोरांना हाका मारल्या. "येवा रे, खावा. देवीक काय ता मी सांगतंय."

पोरं आली, गुणाजीच्या नातवंडांसकट. वाफ्यात बसून त्यांनी भाजी कच्चीच खाल्ली, गुरांसारखी. असं म्हणतात, की जिथं तोडलं तिथं सकाळी पुन्हा लागलेलं असायचं, शेंग तोडली तर शेंग, दुधी तोडला तर दुधी.

त्या दिवशी भिकाजी आणि गुणाजी पहिल्यांदा एका बाजूला बसले. बाईनं देवीचं उष्टं केलं, यावर दोघांचं लगेच जमलं. त्यांनी आवडीची कळशी फोडली आणि विहिरीवर पहारा बसवला. पाण्यावाचून मळा किती टिकतो ते बघू, म्हणाले.

चैत्राचं ऊन. दुपारपर्यंत पानांनी माना टाकल्या. आवडीनं कुदळ घेतली आणि वाफ्यांच्या मधोमध खणायला लागली. माती संपली, कातळ लागला. कुदळीचा दांडा मोडला तेव्हा ती नुसत्या पात्यानं खरवडू लागली. पोरं टोपलीनं माती वर ओढायची. आधी तिचं डोकं दिसत होतं, मग नुसता आवाज येत राहिला. बांधावर म्हातारे जमले. गुणाजीनं खड्ड्यात वाकून विचारलं, "गे घाड्याचे सुने, पाताळात पोचलंस तर माझ्या बापाशीक रामराम सांग."

म्हातारे हसले. खालून आवाज आला, "त्येका खंय वेळ? तो थंयसर मानासाठी भांडत आसतलो."

तिचं शेवटचं बोलणं तेच. असं म्हणतात, की भर दुपारी त्या खड्ड्यातून गार वारा आला आणि मागोमाग पाणी, काठोकाठ. टोपली तरंगत वर आली. आवडी आली नाही. दोर टाकले, पोहणारे उतरले, तळ कुणाला लागला नाही. पाणी आपलं आपण आळ्या-आळ्यांतून फिरलं आणि पानं उभी राहिली. त्या साली वाडीत पुढे एकही पोर मेलं नाही. काही म्हातारे मेले. त्यांच्या गोष्टी कुणी केल्या नाहीत.

आजही आमच्याकडे मळ्यातलं पहिलं फळ देवळात जात नाही. घरातलं सगळ्यात लहान, दात आलेलं पोर मळ्यात नेतात आणि फळ वेलावर असतानाच त्याला चावू देतात. मग घरच्या बायका खड्ड्याकडे तोंड करून म्हणतात, "आवडे, खाल्ल्यान गो." तोवर म्हाताऱ्यांनी बांधाबाहेर थांबायचं असतं.

खड्ड्याला पाणी लागल्यापासून गुणाजी भांडायला येईनासा झाला आणि मान भिकाजीला मिळाला. देवीपुढे ठेवायला त्याला कुणी फळ दिलं नाही. त्याची नात गेली, सून गेली. तो पुढे पुष्कळ वर्षं एकटा जगला.